फेदर मित्राला चालतं, मग माझाच गळा का जळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र म्यूले या जर्मन कंपनीच्या आर८९ रेझरमध्ये फेदर या जपानी कंपनीचं ब्लेड लावतो आणि त्याची दाढी गुळगुळीत होते. तेच ब्लेड तुम्ही म्यूलेच्याच तुमच्या आर४१ मध्ये लावलं, तर गळा लालेलाल. मग फेदर चांगलं की वाईट? आणि ॲस्ट्रा, पर्सोना, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन या ब्लेडांत पहिला नंबर कुणाचा?

नंबर लावता येतो, पण एका रेझरपुरता. रेझर बदलला की यादी वरखाली होते. तुम्ही दोघांनी नकळत फार छान प्रयोग केलाय. ब्लेड एक, कंपनी एक, दांडाही जवळपास तसाच, बदललंय ते फक्त डोकं. आर८९ ला ब्लेडखाली सरळ पट्टी आहे, आर४१ ला कंगव्यासारखे दाते. आर४१ मध्ये ब्लेड आणि खालची प्लेट यांच्यातली फट मोठी, आणि ब्लेडची धारही जास्त बाहेर डोकावते. हा रेझर मुळात जाड, दाट, चारपाच दिवसांच्या खुंटांसाठी आहे. फेदर हे बाजारात सहज मिळणाऱ्या ब्लेडांमधलं सर्वात तीक्ष्ण समजलं जातं. म्हणजे सर्वात धीट रेझरमध्ये सर्वात तिखट ब्लेड. गळ्याने तक्रार केली यात नवल नाही.

मुळात हा घोळ होतो, कारण कुठलंही डबल-एज, म्हणजे दोन्ही बाजूंना धार असलेलं, ब्लेड अशा कुठल्याही रेझरमध्ये बसतं. किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली पेटंट मिळालं तेव्हा ब्लेडला तीन गोल भोकं होती. १९३० मध्ये जिलेट आणि ऑटोस्ट्रॉप या कंपन्या एकत्र आल्या, आणि मधोमध लांब खाच असलेलं ब्लेड रूढ झालं. पुढे जगभरच्या कंपन्या तोच आकार काढू लागल्या. लांबी साधारण ४३ मिमी, रुंदी २२ मिमी, जाडी ०.१ मिमी. जपानच्या सेकीत तयार झालेलं ब्लेड जर्मन रेझरमध्ये घाला नाहीतर आजोबांच्या पितळी रेझरमध्ये, बसणारच. कार्ट्रिजमध्ये ब्लेड आणि डोकं यांची जोडी कंपनी लावून देते. इथे पत्रिका आपणच जुळवायच्या.

रेझर ब्लेडचं नेमकं काय करतो, ते एकदा उघडून बघा. ०.१ मिमीचं ब्लेड हातात धरलं तर लवचिक पत्रा. वरची टोपी आवळली की ते टोपीच्या गोलाईवर वाकतं, आणि वाकल्यामुळेच ताठ होतं. टोपी आणि प्लेट धारेच्या किती जवळ चिमटा घेतात, हे महत्त्वाचं. जवळ पकडलं तर धार थरथरत नाही. लांब पकडलं तर जाड खुंटावर धार क्षणभर मागे लवते, मग सुटते, आणि आपण म्हणतो, "ब्लेड ओढतंय." तेच ब्लेड घट्ट पकडीच्या रेझरमध्ये मुकाट्याने चालतं. त्यात कंपन्यांच्या ब्लेडांच्या रुंदीत मिलिमीटरच्या छोट्या अंशाचा फरक असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण धार किती बाहेर येणार ते त्यावरही ठरतं.

आपल्याकडच्या सलूनमध्ये याचा पुरावा रोज मिळतो. न्हावी कागदासकट ब्लेड मधून मोडतो आणि अर्धं ब्लेड वस्तऱ्यात सरकवतो. तिथे ना टोपी, ना पट्टी, ना फट. कोन पूर्ण त्याच्या मनगटात. जुन्या माणसाच्या हातचं ते अर्धं ब्लेड कळतसुद्धा नाही, आणि त्याच पाकिटातलं दुसरं अर्धं नव्या पोराच्या हातात आलं की आपण खुर्चीचे हात धरून बसतो.

दुसरा घोळ मोजमापाचा आहे. आपण ब्लेडला एकच मार्क देतो. खरं तर दोन द्यायला हवेत. एक तीक्ष्णपणाचा: खुंट किती सहज कापला. दुसरा मऊपणाचा: कापताना त्वचेला काय वाटलं. हे दोन्ही एकत्र फिरत नाहीत. धारेवर प्लॅटिनम, क्रोम यांचा थर आणि त्यावर पीटीएफई, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, असा लेप असतो. कंपनीगणिक हे लेप आणि धार लावायची पद्धत बदलते. त्यामुळे एखादं ब्लेड भयंकर तीक्ष्ण पण जरा खडबडीत वाटतं, दुसरं थोडं कमी तीक्ष्ण पण लोण्यासारखं सरकतं. फेदर माझ्या मते तीक्ष्णपणात पहिलं, मऊपणात मधलं. हिरव्या पाकिटातलं ॲस्ट्रा दोन्हींत चांगलं, कशातच पहिलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक रेझरमध्ये निभावून नेतं.

आता लोक इथे एक सरधोपट सल्ला देतात: धीट रेझरमध्ये बोथट ब्लेड लावा. हे ऐकू नका. बोथट ब्लेड खुंट ओढतं, ओढलं की हात आपोआप दाबतो, आणि उघड्या धारेच्या रेझरवर दाब दिला की कातडी सोललीच. तुम्हाला कमी धारेचं नव्हे, जास्त मऊ ब्लेड हवंय. उलट बाजूही लक्षात घ्या. फारच सौम्य रेझरमध्ये मंद ब्लेड घातलं तर एका फेऱ्यात काम होत नाही, तुम्ही त्याच जागेवरून चारचारदा फिरता, आणि शेवटी तीच आग होते. गळा जळला एवढ्यावरून ब्लेड जास्त तीक्ष्ण होतं की कमी, हे कळत नाही. मित्राचा रेझर सौम्य आहे, पट्टी त्वचेला बाजूला धरते, म्हणून फेदरचा तिखटपणा त्याला उपयोगी पडतो. एका झटक्यात काम, पुन्हा फिरवणं नाही.

माझ्याकडे रॉकवेल ६एस आहे. या तुलनेसाठी याच्याइतका सोयीचा रेझर मला ठाऊक नाही. तीन प्लेटा, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे सहा सेटिंग. पहिल्यात फट ०.२० मिमी, सहाव्यात ०.७९ मिमी. टोपी तीच, दांडा तोच, वजन तेच, फक्त प्लेट उलटायची. फेदर तीन नंबरवर लावलं तर माझ्या हनुवटीखालचा अवघड भागही एकदा सुलटा, एकदा आडवा हात मारून साफ होतो. पाच नंबरवर तेच ब्लेड गालांवर मस्त, पण गळ्यावर, जिथे केस आडवेतिडवे उगवतात, तिथे लगेच चुणचुण. पाचवर ॲस्ट्रा लावलं की चुणचुण जाते आणि दाढी जवळपास तेवढीच स्वच्छ. एकवर मात्र ॲस्ट्रा मला कंटाळवाणं होतं, तिथे फेदरच हवं. चार नंबर माझा रोजचा.

वडिलांचा एक जुना पितळी रेझर आहे, खालची मूठ फिरवली की वरचे दोन दरवाजे फुलपाखरासारखे उघडतात तो. त्याच्या बिजागऱ्या वापराने सैल झाल्यात. बेसिनच्या आरशासमोर डोळ्यांच्या रेषेत धरला तर एका बाजूची धार दुसरीपेक्षा किंचित जास्त बाहेर दिसते. त्यामुळे एकाच ब्लेडची एक बाजू सौम्य आणि दुसरी चावरी. अशा रेझरवर ब्लेडांची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. तुमच्याही रेझरमध्ये ब्लेड बसवल्यावर दोन्ही बाजू अशा बघाच. तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये टोपी उलटी धरून ब्लेड ठेवा, प्लेट दाबून धरा आणि मग दांडा आवळा, म्हणजे ब्लेड तिरकं बसत नाही. धरायचं नेहमी त्याच्या आखूड टोकांना.

मित्रासोबत नीट तुलना करायची असेल तर अशी करा. आर८९ आणि आर४१ च्या दांड्यांचे आटे सारखे आहेत, तेव्हा त्याचं डोकं तुमच्या दांड्यावर बसेल. एकाच पाकिटातली दोन कोरी ब्लेडं दोन डोक्यांत घाला. एका बाजूच्या गालाला आणि गळ्याला एक डोकं, दुसऱ्या बाजूला दुसरं. पुढच्या दाढीला बाजू बदला. हे विसरलात तर निकाल खोटा येईल, कारण उजव्या हाताने उजवा गाल आणि डावा गाल यांवर कोन सारखा राहत नाही. साबण, ब्रश, गरम पाणी आणि किती दिवसांची दाढी, यातलं काहीही मध्ये बदलू नका. आणि पहिल्या दाढीवर निकाल देऊ नका. बरीच ब्लेडं पहिल्यांदा जरा कडक वाटतात आणि दुसऱ्या वेळेला सुतासारखी चालतात.

निकाल आरशात बघू नका, तुरटीला विचारा. दाढी झाली, थंड पाण्याने तोंड धुतलं की ओला तुरटीचा खडा पूर्ण चेहऱ्यावर फिरवा. जिथे ब्लेडने खुंटासोबत त्वचाही खरवडली, तिथे ती चटकन सांगते. दिसायला गळा अगदी ठीक असतो आणि तुरटी मात्र जबड्याच्या कोपऱ्यात झोंबते. ती जागा लक्षात ठेवा, पुढच्या वेळी दुसऱ्या ब्लेडला तिथेच विचारायचंय. आवाजाकडेही कान द्या. नळ बंद करून दाढी केली तर खुंट कापताना बारीक, एकसारखी खरखर ऐकू येते. ती मध्येच थांबली तर कोन चुकला, धार त्वचेवर नुसती घासतेय.

"एक ब्लेड किती दाढ्या टिकतं?" याची उत्तरंही एका रेझरवरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत. २०२० साली एमआयटीतल्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने केस कापून बघितले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धारेचे टवके उडतात. पण केस धारेला सरळ काटकोनात भेटला तेव्हा टवके उडाले नाहीत. तो वाकून तिरका झाला तेव्हाच उडाले. म्हणजे ब्लेडचं आयुष्यही कोनावर अवलंबून, आणि कोन ठरवतो तो रेझर आणि तुमचा हात. मी स्वतः ब्लेड ताणत नाही. कार्ट्रिजच्या मानाने त्याची किंमत ती काय! ओढल्यासारखं वाटलं की बाद. बाद ब्लेडं एका पत्र्याच्या डब्यात, झाकणाला फट पाडून. ओल्या-सुक्या कचऱ्यात तशीच टाकली तर कचरा उचलणाऱ्या बाईंच्या बोटात जातात.

आणखी एक. नावाजलेल्या ब्लेडांच्या नकला बाजारात असतात. तुमचं फेदर संशयास्पद स्वस्त मिळालं असेल, तर वरचा सगळा खटाटोप एका नकली ब्लेडवर चाललाय. मित्राच्या पाकिटातलंच एक घ्या, म्हणजे हा प्रश्न सुटला.

तुमच्या जागी मी असतो तर आर४१ विकला नसता. फक्त आठवड्यातून दोनदा, दाढी नीट वाढू देऊन वापरला असता, त्यात ॲस्ट्रा किंवा निळं पर्सोना घालून, दांडा टोकाशी धरून, हात हलका ठेवून. गळ्यावर उलटा हात काही आठवडे पूर्ण बंद. रोज सकाळी दाढी करायची असेल तर मात्र आर८९ चं डोकं किंवा मर्कूर ३४सी घ्या. सौम्य आहेत, आणि त्यांत फेदरसुद्धा शहाण्यासारखं वागतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पन्नास ब्लेडांचा सॅम्पलर पॅक आत्ताच मागवू नका. दोन ब्लेडं, एक रेझर, एवढ्यावर पंधरवडा काढा.

आणि उरलेली फेदर टाकून देऊ नका. मित्राला द्या, बदल्यात त्याला न आवडलेली ब्लेडं मागून घ्या. त्याच्या कपाटात अर्धवट वापरलेली चारपाच पाकिटं नक्की पडलेली असतील, आणि त्यातलं एखादं तुमच्या आर४१ ला नेमकं बसेल.