'सेल्फ-केअर'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'पीपल ऑफ कलर'ला?

प्रश्न आलाय अमेरिकेतल्या एका ताईंचा. त्यांना तिथल्या एका शिबिराचं पत्रक मराठी मंडळींसाठी मराठीत करायचंय, मथळा आहे 'कम्युनिटी वेलनेस अँड सेल्फ-केअर फॉर पीपल ऑफ कलर', आणि मशीनने त्यांना दिलं 'रंगीत लोकांसाठी सामुदायिक निरोगीपणा आणि स्वयंसेवा'.

ताई, सॉरी, आधी पोटभर हसून घेतलं. रंगीत टीव्ही असतो, नाटकाची रंगीत तालीम असते, पण रंगीत माणूस म्हटलं की तो संध्याकाळी कुठे जातो असा संशय येतो. आणि स्वयंसेवा म्हणजे थाळी घेऊन काउंटरला उभं राहायचं, टेबलावर कोणी आणून देणार नाही.

आता 'पीपल ऑफ कलर', म्हणजे तिकडे गोरे सोडून बाकी सगळे. गंमत अशी की 'कलर्ड' हा तिकडे अपमानाचा शब्द, गोऱ्या-काळ्यांचे वेगळे नळ वेगळे डबे होते तेव्हा पाट्यांवर लिहिलेला (१९०९ साली निघालेल्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या नावात तो अजून आहे, पण जुनं नाव म्हणून), आणि दक्षिण आफ्रिकेत तर 'कलर्ड' हा सरकारने पाडलेला वेगळाच गट. 'ऑफ कलर'चं तसं नाही. १९७७ साली ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली, तिथे कृष्णवर्णीय बायकांनी आपला मागण्यांचा मसुदा नेला, मग लॅटिना, आशियाई, मूलनिवासी बायका म्हणाल्या आम्हालाही घ्या, आणि सगळ्यांना मिळून 'विमेन ऑफ कलर' हे नाव पडलं. म्हणजे हा कातडीचा रंग सांगणारा शब्दच नाही, एकत्र उभं राहिल्याचा शब्द आहे.

मराठीत हे आणायला गेलं की पाय 'वर्ण'मध्ये अडकतो. शब्दशः 'वर्ण असलेले' म्हणजे काय होईल? सवर्ण! झालं, अर्थ पूर्ण उलटा. (आणि खरं सांगू का, इथे सवर्ण असलेला कितीतरी मराठी माणूस न्यूअर्कला उतरला की 'पर्सन ऑफ कलर' होतो, पण तो विषय इथे नको, रात्र पुरणार नाही.) 'कृष्णवर्णीय' घेतलं तर तुम्ही स्वतःच त्यातून बाहेर पडता. राहिला 'गोरेतर'. हा ब्राह्मणेतरच्या चालीचा आहे, मराठी कानाला ओळखीचा, पण दोष पण तोच, आपण कोण हे न सांगता आपण कोण नाही एवढंच सांगतो. ब्राह्मणेतरांना पुढे 'बहुजन' मिळाला, गोरेतरांना अजून तसा मिळायचाय. मी पत्रकात एकदा 'गोरेतर' लिहीन आणि लगेच खाली सरळ नावं घेईन, कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूलनिवासी, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की यात मीपण आहे.

'सेल्फ-केअर' मात्र मला फार आवडतो कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. 'काळजी' घेऊ नका, म्हणजे शब्द म्हणून घेऊ नका, कारण आपल्याकडे काळजी घेतातही आणि करतातही, 'काळजी करू नको, काळजी घे' हे वाक्य आपण फोन ठेवताना रोज म्हणतो, आणि पत्रकाच्या मथळ्यात ती दिसली की निम्म्यांना आधी टेन्शनच येणार. 'निगा' झाडांची, गुरांची, आजाऱ्याची. 'संगोपन' लेकराचं. स्वतःसाठी आपला शब्द आहे जपणं. आजी म्हणायची "जिवाला जप गो बाई", आणि त्याच्या उलट 'आबाळ', "पोरीने स्वतःची पार आबाळ करून घेतली". जप आणि आबाळ हे दोन शब्द हाताशी असले की सेल्फ-केअर समजावून सांगावंच लागत नाही.

मसाज, सुगंधी मेणबत्त्या, चार हजारांचं फेशियल, हे जे आता सेल्फ-केअर म्हणून विकलं जातं त्यालाही शब्द आहेत, चोचले नाहीतर जिवाची मुंबई. ऑड्री लॉर्ड नावाची कृष्णवर्णीय कवयित्री, कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलेला असताना तिने लिहिलं, छापून आलं १९८८ साली, की स्वतःला जपणं ही चैन नव्हे, ते टिकून राहणं आहे आणि म्हणून ती राजकीय लढाई आहे. माझ्या मराठीत सांगायचं तर हे चोचले नाहीत, जपणूक आहे.

राहिलं 'कम्युनिटी वेलनेस'. 'समाज' जपून वापरा, आपल्याकडे 'आमच्या समाजात' म्हटलं की जात ऐकू येते, आणि 'समाजस्वास्थ्य' म्हटलं की जुन्या वाचकाला र. धों. कर्व्यांचं मासिक आठवतं, १९२७ ते १९५३, संततिनियमनावालं. पण 'स्वास्थ्य' शब्द सोडू नका. आरोग्य म्हणजे रोग नसणं, स्वास्थ्यात मन पण येतं, म्हणून तर ताप नसतानाही आपल्याला अस्वस्थ वाटतं. कम्युनिटीसाठी मी 'वस्ती' किंवा नुसतं 'एकमेकांना' घेईन. ब्लॅक पँथर ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना, त्यांनी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये पोरांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली, मग दवाखाने काढले, सिकलसेलची तपासणी केली (रक्ताचा आनुवंशिक आजार, तोच जो आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत आहे), त्याला कोणी वेलनेस म्हणत नव्हतं, तो वस्तीने वस्तीला जपण्याचा प्रकार होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तिने नाव यांच्यावरूनच घेतलं, पण नाश्ता-दवाखान्याची बाजू आपल्याकडे फार कमी जणांना माहिती असते.

तर ताई, माझा मथळा असा: 'स्वतःला जपू, एकमेकांना जपू', आणि खाली बारीक अक्षरात 'गोरेतर बांधवांसाठी मनाच्या आणि शरीराच्या स्वास्थ्याचं शिबिर'. 'बांधव' खटकत असेल तर 'मंडळी' करा, बायका जास्त येणार असतील तर मी तेच करीन.