आज रात्रीच सरांना मेल कर

(पत्र थोडक्यात देत आहे.)

प्रिय ताई,
मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मे महिन्यापासून १२ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. घरात मात्र रोज रडारड. आई म्हणते, एकटी कशी राहशील, काय खाशील. आजीला आधी माझ्या लग्नाचं बघायचंय. बाबा एकटेच माझ्या बाजूने आहेत, पतसंस्थेतून कर्जही काढतायत. व्हिसाचं बाबांचे मित्र करून देणार आहेत. टुरिस्ट व्हिसा लवकर होतो, तिकडच्या सरांना कळवायची गरज नाही, असं ते म्हणाले. सर एवढे मोठे, मलाही त्यांना असले प्रश्न विचारायला संकोच वाटतो. ताई, आईला दुखवून जाऊ का?

प्रिय मुली,

आईचं आधी संपवू. ती रडेल, मग चिवड्या-लाडवांचे डबे भरेल आणि तू पोचल्याचा फोन येईपर्यंत जागी राहील. तू जा.

पण टुरिस्ट व्हिसावर जाऊ नकोस. चार पानी पत्रात या गोष्टीला तू जेमतेम दोन ओळी दिल्यास आणि मी तिथेच थांबले. सरांना कळवायची गरज नाही? अगं, बोलावलंय त्यांनी! वकिलातीत सांगायचं की फिरायला चालले, आणि वकिलातीत काय सांगितलं ते सरांपासून लपवायचं. म्हणजे १२ आठवडे दोन्हीकडे खोटं सांभाळत राहायचं. हे काम करून देणं झालं का?

काकांनी तुला ९० दिवसांचा हिशेब सांगितला असेल. तो टुरिस्ट व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, बसतंय की! पण प्रश्न तू किती दिवस राहणार एवढाच नाही, कशासाठी जाणार हाही आहे. फ्रँकफर्टला उतरल्यावर अधिकारी पहिलं तेच विचारेल. तुझ्या बॅगेत प्रयोगशाळेचं पत्र आणि अर्जात हॉटेलचं बुकिंग, तेव्हा काय सांगशील? खोटी माहिती दिली म्हणून व्हिसा नाकारला गेला, तर ती नोंद शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते. तुला पुढे एमएस करायचंय ना? तिथेही हाच पासपोर्ट दाखवायचा आहे. आणि तू केमिकलची विद्यार्थिनी. पर्यटकाचा विमा काढून ॲसिडच्या बाटल्या हाताळणार? उद्या हात भाजला तर तू तिथे का होतीस, हे सांगायचीही चोरी.

सरळ रस्ता आहे, आणि तो तुझ्यासारख्यांसाठीच केलेला आहे. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी निगडित इंटर्नशिप जर्मनीत करता येते. चार सेमिस्टर झालेली हवीत, तुझी झाली आहेत. त्यासाठी तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते आणि ती सहसा बोलावणारी संस्थाच मागते. म्हणजे या कामाची सुरुवातच सरांकडून होते. ज्यांना कळवू नकोस म्हणून तुला सांगितलं, नेमके तेच. जर्मन विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑफिस असतं. ही कागदपत्रं त्यांच्या नेहमीच्या कामातली, तुझा प्रश्न ऐकून तिथे कुणाच्या कपाळाला आठी पडणार नाही.

बाबांविषयी तू फार हळवं होऊन लिहिलंयस. माझ्या मनात त्यांच्याबद्दल रागच आहे. कर्ज काढायची तयारी आहे, पण मित्राचा शब्द पडताळून पाहायची नाही. अर्जावर सही तुझी असणार आणि चुकलं तर भोगायचंही तूच.

तुझा संकोच मात्र मला कळतो. आपल्याकडे एका सहीसाठी एचओडींच्या केबिनबाहेर दुपार जाते, आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. अशा सवयीत वाढलेली मुलगी परदेशातल्या प्राध्यापकांना व्हिसाचं विचारायला कचरणारच. पण बाळा, त्यांनी तुझं काम बघून तुला निवडलंय. मे महिन्यात तू यायला हवीस, ही त्यांचीही गरज आहे.

तेव्हा आज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघड. इंग्रजी साधं असू दे. माफी मागत सुरुवात करू नकोस. एवढंच विचार: माझ्या इंटर्नशिपसाठी कोणता व्हिसा लागेल, रोजगार खात्याच्या संमतीचा अर्ज तुमच्याकडून कोण करेल, आणि तारखा, कामाचे तास, मानधन, विमा लिहिलेलं करारपत्र मला कधी मिळेल. कॉलेजचं बोनाफाईड आणि आतापर्यंतच्या गुणपत्रिका सोबत जोड. मे फार लांब नाही आणि वकिलातीची अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ जातो, म्हणून उद्यावर ढकलू नकोस.

त्या काकांना अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर बाबांनी स्वतः जाऊन परत मागावेत. तुला त्यात पडायचं कारण नाही. सरांचं उत्तर आलं की ते बाबांना मराठीत नीट समजावून सांग, आणि पतसंस्थेचा अर्ज तोवर घरातच राहू दे.

— तुझी ताई