मन दुखावलं म्हणजे गुन्हा झाला का?

भांडुपच्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांच्या 19 वर्षांच्या मुलाने इन्स्टाग्रामवर छोटी कविता टाकली. बाप्पा स्वतःच दर्शनाच्या साध्या रांगेत उभा आहे आणि व्हीआयपी रांगेला वाट करून देताना कार्यकर्ता त्यालाच ढकलतो, एवढीच. शेजारच्या इमारतीतल्या एकाने पोलिसांत तक्रार दिली. 'मुलाला घेऊन ठाण्यात येऊन जा' असा फोन आला. संध्याकाळी पाच-सहा जण दारात आले आणि मोबाइल समोर धरून 'हात जोड, माफी माग' म्हणू लागले. ताई माळकरी आहेत. शेवटी विचारतात, "कविता वाचून मलाही जरा लागलं. मग तो गुन्हाच झाला का?"

ताई, नाही झाला. तुम्हाला लागलं हे खरं आहे आणि त्याचा मान ठेवूनच सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 295अ, मन दुखावल्याची शिक्षा देत नाही. एखाद्या वर्गाच्या धर्मभावना दुखावण्यासाठीच, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाची देतं. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं ते याच कारणावरून. नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अपमान त्यात बसत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. तुमच्या मुलाची कविता तर बाप्पाच्या बाजूने बोलते. राग आहे तो रांगेवर.

राज्यघटनेच्या कलम 25 ने तुम्हाला माळ घालायचा, वारीला जायचा हक्क दिला. त्या कवितेने तुमची वारी अडली का? कलम 19(2) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं मोजून दिली आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे. 'धर्मभावना' हा शब्द त्यात नाही. नागरी व राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 साली स्वीकारला, त्याच्या मानवाधिकार समितीनेही 2011 मध्ये हेच सांगितलं: धर्माचा अनादर झाला एवढ्यावरून बंदी नको, द्वेष पसरवून हिंसेला किंवा भेदभावाला चिथावणी दिली तर मात्र हवी. मुलाने एखाद्या समाजाला हाकलून द्या, मारा असं लिहिलं असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

आता ठाण्याचं. नुसत्या फोनवरून ठाण्यात जाऊ नका, लेखी नोटीस मागा. कायद्यात त्याची सोय आहे. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासदारावर कवितेच्या व्हिडिओवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द केला. शब्द कणखर मनाच्या माणसाच्या मापाने मोजा, असं तिथे म्हटलं. अशा तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, हेही पोलिसांना बजावलं. तपास अधिकाऱ्याला हा निकाल नम्रपणे दाखवा. तरीही 299 लावलं तर ते अजामीनपात्र आहे, म्हणून वकील आजच गाठा आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा. पुढे केंद्र किंवा राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय या कलमाखाली दखल घेऊ शकत नाही.

माफीचा व्हिडिओ मात्र अजिबात करू देऊ नका. 'माझ्याकडून देवाचा अपमान झाला' हे वाक्य उद्या हेतू सिद्ध करायला वापरलं जाईल, आणि ते मोबाइलवरून फिरत राहील ते वेगळंच. त्या संध्याकाळी दारात काय घडलं, कोण काय बोललं, हे तारीख-वेळ घालून आज लिहून ठेवा. पुन्हा आले तर 112 ला फोन करा.

पोस्ट काढायची की नाही हे मुलाला ठरवू द्या. काढणार असेल तर आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पूर्ण कवितेचा. तक्रारीत बहुतेक 'ढकलतो' एवढीच ओळ असेल.