सुमात्रन वाघाच्या अधिवासाचा नकाशा: एयूसी ०.९४ आला म्हणजे काम झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमात्रन वाघाच्या (इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा वाघ) ६४ नोंदी, म्हणजे तो आढळलेल्या जागा, आणि वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-माहितीसंचातले १९ घटक मॅक्सएंट या अधिवासाचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातले, एयूसी (मॉडेल वाघाच्या जागा बाकीच्या जागांपासून किती नीट वेगळ्या ओळखतं याचा आकडा; १ म्हणजे अचूक) ०.९४ आला, नकाशात बुकित बारिसान डोंगररांग लालभडक आणि पूर्वेचा सखल भाग फिका दिसतो. हाच योग्य अधिवासाचा नकाशा म्हणून प्रबंधात द्यावा का?

माझं उत्तर: अजून नको. कारण त्या फिक्या सखल भागातच आहे.

तुमचं मॉडेल सांगतंय की वाघाला उंच, थंड जागा मानवते. पण एकाच बेटावर तापमान म्हणजे जवळजवळ उंचीच. आणि जंगल उंचावर उरलं, कारण सपाट जमीन आधी तोडली गेली. पूर्व सुमात्रातलं सखल जंगल गेल्या काही दशकांत तेलताड आणि कागदाच्या लगद्यासाठीच्या अकेशियाच्या लागवडीखाली गेलं. वाघ डोंगरात राहिला तो हवा आवडली म्हणून नव्हे, खालचं घर गेलं म्हणून. ६४ ठिपक्यांना हा इतिहास ठाऊक नाही. हा नकाशा तसाच कुणी वापरला, तर उरलेल्या सखल जंगलाचे तुकडे ‘अयोग्य’ ठरतील, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या तुकड्यांची वाटते.

म्हणून हवामानाचे १९ घटक बाजूला ठेवा. एका बेटापुरत्या अभ्यासात एवढ्या कमी नोंदींवर पाच-सहा घटक पुरेत: सलग जंगलाचा आकार, जंगलाच्या कडेपासूनचं अंतर, रस्त्यांपासूनचं अंतर, चढ-उतार, खाली दाट झुडपं आहेत का. हे ३० मीटरच्या एकेका पिक्सेलवर मोजू नका, वाघ वावरतो तेवढ्या परिसराची सरासरी घ्या. आणि ‘वृक्षाच्छादन’ म्हणजे जंगल समजू नका. २०१३ पासून सगळे वापरतात ती जागतिक वृक्षाच्छादनाची माहिती ५ मीटरहून उंच झाडं मोजते. त्यात तेलताडही येतो आणि रबरही. लागवडीचा थर वेगळा मिळवून वजा करा. वाघ अशा लागवडीतून जाताना दिसेलही, पण खाली आडोसा नसलेल्या रांगांमध्ये तो घर करत नाही.

नोंदी कुठून आल्या तेही बघा. माझ्या पहिल्या नकाशात रस्त्यालगतचं जंगल सर्वांत उत्तम निघालं होतं. दोन आठवडे मी त्याला पर्यावरणीय कारणं शोधत होते. कारण साधं होतं: कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) जिथवर गाडी जाते तिथेच लावलेले होते. मॅक्सएंटकडे ‘वाघ नाही’ अशी नोंद नसते. तो ठिपक्यांची तुलना बाकीच्या परिसराशी करतो. त्या परिसरात शहरं आणि शेतं आली की एयूसी आपोआप फुगतो. म्हणून तुलनेचे बिंदू, शोध घेतला गेला त्याच भागांतून घ्या. तपासणीसाठी यादृच्छिक बिंदू न वगळता नकाशाचे चौकोन पाडून अख्खा चौकोन बाजूला ठेवा. आकडा नक्की घसरेल, घसरू द्या. शिवाय जो आकडा मिळतो तो सापेक्ष योग्यता असते, तिथे वाघ असण्याची शक्यता नव्हे. प्रबंधात हे शब्द नीट वापरा.

आता जे उपग्रहाला दिसतच नाही त्याबद्दल. कंबोडियाच्या पूर्वेकडच्या मोंडुलकिरीत कॅमेऱ्यात शेवटचा वाघ २००७ मध्ये आला. २०१६ मध्ये कंबोडियातले वाघ व्यवहारतः नामशेष, म्हणजे प्रजनन करणारे वाघ उरले नाहीत, असं जाहीर झालं. त्या वर्षी वरून पाहिलं असतं तर मोठाली जंगलं उभी दिसली असती. तारेच्या फाशांनी आधी हरणं-डुकरं गेली आणि वाघही. पर्यावरणशास्त्रज्ञ केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्येच अशा जंगलाला ‘रिकामं जंगल’ म्हटलं होतं. सुमात्रातही फासे लागतात. तेव्हा भक्ष्याची आणि फाशांची माहिती मिळत नसेल, तर नकाशाचं नाव ‘वाघाला राहता येईल असं जंगल’ एवढंच ठेवा.

यावर खरा उपाय म्हणजे ज्यांनी कॅमेरे लावले त्यांच्याकडून रिकाम्या फेऱ्यांच्या, म्हणजे वाघ न सापडलेल्या पाहण्यांच्या, नोंदीही मागणं. आपण सगळे वाघाचे फोटो मागतो, काहीच न आलेले दिवस कुणी मागत नाही. ते मिळाले की मॅक्सएंट सोडून ऑक्युपन्सी मॉडेल (एखाद्या जागी प्राणी असण्याची शक्यता मोजणारं) वापरता येतं. त्याची गरज का? समजा वाघ तिथे आहे आणि एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता २० टक्के आहे. मग पाच फेऱ्या करूनही सुमारे ३३ टक्के वेळा हाती काहीच लागत नाही. ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांतला हा फरक ऑक्युपन्सी मॉडेल मोजतं, मॅक्सएंट नाही.

एक विनंती, तांत्रिक नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात त्या ६४ जागांचे अक्षांश-रेखांश छापू नका. सुमात्रन वाघ अतिसंकटग्रस्त आहे आणि परिशिष्ट शिकारीही वाचू शकतो. १० किलोमीटरच्या चौकोनात गोळा करून दाखवा; परीक्षकांना मूळ फाइल वेगळी देता येते.