भावाच्या आजारासाठी बहिणीने जेनेटिक्स घ्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीत जीवशास्त्रात ८६ आणि गणितात ६१ गुण होते. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार, असल्याचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं. मुलीने बी.एस्सी. जेनेटिक्स करावं असं आमच्या घरी ठरलंय, म्हणजे पुढे याच आजारावर ती काही करू शकेल. ती हो म्हणाली आहे, पण अभ्यासात लक्ष नाही. झाडं लावते आणि कुठल्या रोपाला कुठल्या रंगाचं फूल आलं ते वहीत लिहीत बसते. आजार माझ्याकडून आला असं घरात बोललं जातं, त्यामुळे मलाही वाटतं की या मुलीच्या हातून तरी काहीतरी व्हावं. कोणतं कॉलेज घ्यावं आणि कोणत्या परीक्षा द्याव्यात?

उत्तर : ताई, गुणांपेक्षा मी ‘ती हो म्हणाली आहे’ या वाक्यापाशी जास्त वेळ थांबलो. भावाच्या आजाराचं नाव घेऊन विचारल्यावर सतरा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं तर तिच्या लेखी ते भावालाच नाही म्हटल्यासारखं होतं. जिना चढताना त्याला द्यावा लागणारा हात तिला रोज दिसतो, रिपोर्टांची जाड होत चाललेली फाइल दिसते, तुमचा चेहरा दिसतो. अशा घरातली मुलं मागितलेलं मुकाट्याने देतात. मी हा होकार धरत नाही आणि तुम्हीही धरू नका.

पुढचं जरा डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या वर्षी एखादा विषय राहिला, तर बाकीची मुलं तो पुढच्या खेपेला काढतात. तुमची मुलगी मात्र ‘मी भावासाठी कमी पडले’ असं मनाला लावून घेईल. विषय आवडलाच नाही तर तो सोडायची सोयही तिला उरणार नाही. आणि सगळं सुरळीत पार पडलं तरी हिशोब करून बघा. पदवीची तीन-चार वर्षं, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची साधारण पाच. ती संशोधनात स्वतःच्या पायावर उभी राहील तेव्हा तुमचा मुलगा विशीला आलेला असेल. तेव्हाही ती या क्षेत्रात नवखीच असेल.

या आजाराचं जनुक १९८६-८७ मध्ये सापडलं. त्यावरच्या पहिल्या जनुकोपचाराला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०२३ मध्ये. मधल्या साडेतीन दशकांत जगभरातल्या प्रयोगशाळा या एका जनुकामागे होत्या. अडचण किती मूलभूत आहे बघा. दुरुस्त जनुक पेशीपर्यंत नेण्यासाठी जो निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्यात डीएनएच्या साधारण ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो. या जनुकापासून बनणाऱ्या, स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाची नुसती कृतीच ११,००० अक्षरांहून मोठी आहे. म्हणून काटछाट करून लहान केलेलं जनुक पाठवावं लागतं. त्याने आजार मुळापासून बरा होत नाही, आणि गंभीर दुष्परिणामांचे प्रश्नही पुढे आले. हे काम थोर आहे आणि ते चालू राहणार आहे. पण ते एका घरातल्या एका मुलीच्या खांद्यावर ठेवायचं काम नाही. तुमच्या मुलासाठी आत्ता करायच्या गोष्टी म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांकडून औषधं, हृदय आणि श्वासाची वेळच्या वेळी तपासणी, नियमित फिजिओथेरपी. त्या तुम्ही मोठ्यांनी करायच्या आहेत.

आता ‘माझ्याकडून आला’ याबद्दल. घरात हे जो कोणी बोलतो त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, तेव्हा बदल असलेला एक्स आईकडून आला हे खरं असू शकतं. पण दोनपैकी कुठला एक्स जाणार हे कोणाच्याच हातात नसतं, आणि स्वतः वाहक असल्याचं, म्हणजे बदललेलं जनुक आपल्याकडे असल्याचं, बहुतेक आयांना मूल आजारी पडेपर्यंत माहीत नसतं. शिवाय या आजाराच्या साधारण एक-तृतीयांश मुलांमध्ये बदल नव्यानेच झालेला असतो, म्हणजे आईच्या रक्तात तो सापडतच नाही. हे जनुक जवळजवळ २२ लाख अक्षरांचं आहे, माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक. इतक्या लांब मजकुराची नक्कल होताना चूक व्हायला जागाही तेवढीच जास्त. तुमची तपासणी झाली आहे का, हे पत्रात नाही. झाली नसेल तर ज्या गोष्टीचा दोष तुम्ही डोक्यावर घेऊन फिरताय, ती खरी आहे की नाही हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

म्हणून कॉलेजच्या आधी जेनेटिक काउन्सेलरची, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाची वेळ घ्या. आधी मुलाच्या रिपोर्टमध्ये नेमका कुठला बदल आहे ते पक्कं होईल, मग तुमची रक्ततपासणी. तुम्ही वाहक निघालात तर मुलगीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तो तिच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे. वाहक स्त्रियांच्या हृदयावरही कधी कधी परिणाम होतो, त्यामुळे तो नुसता मुलंबाळं होण्यापुरता नाही. तपासणी करायची का आणि कधी, हे अठरा पूर्ण झाल्यावर तिने ठरवायचं. काउन्सेलर तिच्याशी एकटीशीही बोलतील. या सगळ्यात तिच्या बाजूचा विचार घरात कोणी केलेला दिसत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

एक मोठा गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो फक्त तुमचा नाही. बी.एस्सी. जेनेटिक्स केलेली व्यक्ती रुग्णावर उपचार करत नाही. आनुवंशिक आजारांचे डॉक्टर व्हायचं तर आधी एमबीबीएस, मग बालरोग किंवा मेडिसिनसारख्या विषयात एमडी, मग मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम, असा तो लांबचा रस्ता आहे. जेनेटिक काउन्सेलिंगसाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. पदवीच्या वर्गात मुलं करतात ती मोजणी. ईथरने गुंगवलेल्या फळमाश्या पांढऱ्या कागदावर ओतायच्या, बारीक ब्रशने एकेक बाजूला सारायची, लाल डोळ्यांच्या किती, पांढऱ्या किती, नर किती, माद्या किती हे लिहायचं, आणि आलेलं गुणोत्तर अपेक्षेशी जुळतं का ते काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रातली चाचणी लावून तपासायचं. संकर करायचा तर माद्या मीलन व्हायच्या आधी, कोशातून बाहेर आल्यापासून आठेक तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, म्हणजे भल्या सकाळी लॅबमध्ये हजर. पुढे डीएनएचं काम येतं आणि त्याच्यासोबत संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग. ज्यांना हे आवडतं त्यांना यासारखा विषय नाही. आजार बरे करण्याच्या ओढीने आलेली मुलं मात्र पहिल्याच वर्षी माश्या मोजताना हिरमुसतात.

आणि ज्या वहीची तुम्ही तक्रार केली आहे, तिच्याबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय. आनुवंशिकीचा पाया घालणाऱ्या मेंडेलने मठाच्या बागेत वाटाणे लावले आणि एका प्रयोगात ७,३२४ दाणे मोजले. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. १८६६ मध्ये छापलेल्या त्या आकड्यांवर हा सगळा विषय उभा आहे. शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरचे रंगाचे ठिपके बघत बघत जागा बदलणारी जनुकं शोधली, त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं. तुमची मुलगी लक्ष न देता बसलेली नाही. ती लक्ष देऊन बसली आहे, फक्त तुम्हाला हव्या त्या ठिकाणी नाही.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, भावावर तुझी माया आहे याचा पुरावा म्हणून तुला कुठलीही पदवी घ्यायची नाहीये. जेनेटिक्स तुला स्वतःला हवं असेल तरच घे. आधी एक करून बघ. वहीतल्या एखाद्या रोपाचं बी धर, दोन रंगांचा संकर कर, पुढच्या पिढीत कुठला रंग किती वेळा आला ते मोज. उत्तर काय येईल याची उत्सुकता वाटली तर हा विषय तुझा आहे. फुलंच जास्त आवडली तर वनस्पतिशास्त्र किंवा कृषी घे. त्यातही आनुवंशिकी शिकवतात आणि पुढे वाट खुली राहते. गणितातल्या ६१ ला घाबरू नकोस, पण संभाव्यतेचा धडा पुन्हा नीट कर. अल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा पुढे नावाजलेला आनुवंशिकी-शास्त्रज्ञ पदवीचा विद्यार्थी असताना, १९११ मध्ये, गृहपाठ बाजूला ठेवून रात्रभर माश्यांच्या आकड्यांशी झुंजला आणि सकाळपर्यंत गुणसूत्राचा पहिला नकाशा त्याच्या हातात होता.

परीक्षांचं म्हणशील तर आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी आयएटी, अनेक विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी, पदवीनंतर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम आणि गॅट-बी. कॉलेज निवडताना नावापेक्षा अभ्यासक्रम बघ. संख्याशास्त्राचा वेगळा पेपर आहे का, आणि प्रॅक्टिकलला माश्या मुलांना स्वतः वाढवायला मिळतात की शिक्षक लांबून दाखवतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचार. लांबून दाखवत असतील तर तिथे जेनेटिक्स घेऊ नकोस. त्यापेक्षा चांगली लॅब असलेल्या कॉलेजात साधी जीवशास्त्राची पदवी कर, आणि जेनेटिक्स एम.एस्सी.ला घे.