‘मला जमायचं नाही’ म्हणणारा मुलगा

प्रश्न: माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. मार्केट यार्डात गुळाच्या पॅकिंगला जायचा, काम नीट करायचा. एकदा त्याच्यासमोरच कुणीतरी ‘ह्याला काय कळतंय’ म्हणालं, तेव्हापासून घरीच आहे. काही सुचवलं की म्हणतो, ‘मी येडा हाय, मला जमायचं नाही.’ दिव्यांग ओळखपत्रही लपवून ठेवतो. त्याला कोणता कोर्स लावू?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, कोर्सचं नंतर बघू. काम तो नीट करत होता, हे तुम्हीच लिहिलंय. लहानपणापासून कानावर पडलेलं बोलणं त्याला आता स्वतःलाच खरं वाटू लागलंय. अभ्यासक याला स्व-कलंक म्हणतात. एकदा तो मनात बसला की माणूस प्रयत्नच सोडतो. बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या प्रौढांना टोमणे कळत नाहीत, असं अनेकजण धरून चालतात. मला याचा फार राग येतो. त्यांना कळतं आणि लागतंही.

बदल घरापासून करा. पाहुण्यांनी त्याला काही विचारलं तर उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला वेळ लागला तरी लागू दे. तो समोर असताना त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलू नका. ‘शहाणं माझं बाळ’ हेही आता पुरे. ‘आज एकाही पाकिटाचं वजन चुकलं नाही’ असं नेमकं सांगा.

ओळखपत्रासाठी जबरदस्ती नको. ते कशाला लागतं, एवढं साध्या शब्दांत समजावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांना सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. वाटेकरी बरेच, म्हणून त्या एकाच आशेवर घरी बसवू नका. खाजगी कामावर ओळखपत्र दाखवायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्या.

आता कामाचं. गुळाच्याच कामावर परत जायचं की दुसरं काही बघायचं, हे आधी त्याला विचारा. त्याची तयारी असेल तर मालकाशी बोला, पण बोलताना तोही सोबत हवा. सुरुवातीला अर्धा दिवस, काम दाखवायला ठरलेला एकच माणूस, आणि सूचना एका वेळी एक. त्याच्यासमोर कुणी तसं बोललं तर मालकानं तिथंच थांबवावं, हेही स्पष्ट मागा. पगाराचं आधीच ठरवा. ‘तेवढाच वेळ जातो’ म्हणून फुकट राबवायला कुणी तयार झालं, तर सरळ नाही म्हणा. पगार त्याच्याच खात्यात जमा होऊ दे आणि पैसे काढायला बँकेत त्यालाच न्या.