व्हेपमुळे तोंडात आग होते, नेमकं कारण कसं शोधायचं?

इंग्लंडला आल्यावर तुम्ही सिगारेट सोडलीत, सहा आठवडे व्हेप ओढताय आणि आता गालाच्या आतून नि जिभेच्या टोकाला सारखी आग होतेय. मग आधी सांगा, फ्लेवर कोणता? माझं घोडं तिथंच पेंड खात होतं.

मी लेस्टरला राहतो. बारा वर्षांची सिगारेट सोडून व्हेपवर आलो तेव्हा साध्या आमटीचा घोटही झोंबायचा. गालाची आतली कातडी पांढरट होऊन तिचे पापुद्रे निघायचे. ज्याला विचारावं तो व्हेपच्या लिक्विडमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलवर बोट ठेवायचा. त्यात तथ्य आहे, ते पाणी ओढून घेतं, तोंड कोरडं पडतं. म्हणून ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड आणलं. घशाची खरखर गेली, गाल मात्र तसेच.

शेवटी दालचिनीचा फ्लेवर बंद केला. दालचिनीला तिची चव देणारं सिनामाल्डिहाइड तोंडाच्या नाजूक कातडीला झोंबतं, काहींना त्याची अ‍ॅलर्जीही असते. आग निम्मी झाली आणि तिथंच अडून बसली. मग डेंटिस्टबाईंनी विचारलं, "च्युइंगगम कोणतं खाता?" सिगारेटची तलफ आली की मी जे चघळायचो, तेही दालचिनीचंच होतं! ते सोडलं आणि दोन आठवड्यांत तोंड साफ झालं.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, निदान आठवडाभर तशीच ठेवा आणि रोज दोन ओळी लिहून ठेवा. सगळं एकदम बदललंत तर बरं वाटेल, पण कशानं ते कळणार नाही. सुरुवात फ्लेवरपासून करा. दालचिनी, मेन्थॉल आणि थंडगार वाटणारे 'आइस'वाले सगळे बाजूला. टूथपेस्टमध्येही यातलं काही आहे का ते बघा. मग निकोटिन: इथं कायद्यानं एका मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम चालतं, पण भरपूर धूर काढणाऱ्या यंत्रात तेवढं नक्कीच झोंबेल. करपट चव येत असेल तर कॉइल (लिक्विड तापवणारी तार) काढून आतला कापूस पाहा. काळपट झाला असेल तर कॉइल बदला.

कुणी भारतातून बिनलेबलची बाटली आणून दिली असेल तर ती टाकूनच द्या. तिकडे व्हेपवर २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे त्यात काय भरलंय ते कळायला मार्ग नाही.

आगीबरोबर छोटे, गोल, लाल कडेचे फोड असतील तर ते तोंड येणं आहे. सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं. तेवढ्यासाठी कृपा करून पुन्हा सिगारेट पेटवू नका.

तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, नाहीतर गाठ दिसली तर हे प्रयोग थांबवून डेंटिस्टकडे जा. जाताना लिक्विडची बाटली, टूथपेस्ट आणि गमचं पाकीट सोबत न्या.